उसनी अश्वशक्ती

मे महिन्यात सांगलीहून महाबळेश्वरला स्वतःच्या मोटारीने गेलेल्या प्रत्येक कुटुंबाला हा प्रसंग ठाऊक असतो. पेठ नाका, कराड, सातारा इथपर्यंत गाडी मोठ्या ऐटीत आलेली असते. पाचवडला हमरस्ता सोडून आपण वाई गाठतो, कृष्णा ओलांडतो आणि पसरणीचा घाट सुरू होतो. मागच्या बाकावर तीन माणसे, एकीच्या मांडीवर मूल, डिकीत बॅगा, आणि कुणीतरी ऐनवेळी घातलेला लाडवांचा डबा. दुसऱ्याच वळणावर गाडी धापा टाकू लागते. तिसऱ्या गिअरचा दुसरा होतो, दुसऱ्याचा पहिला. मग गाडी चालवणारे यजमान हळूच एसी बंद करतात आणि "घाटातली हवा काय छान आहे!" असे म्हणून काचा खाली करतात. नेमकी त्याच वेळी मागून एखादी नवी गाडी बारीक शीळ घालीत येते आणि भुर्रकन पुढे निघून जाते.

ती शीळ टर्बोची. माझ्या सांगलीच्या भाच्याला या शिळेने गेल्या वर्षी पुरते झपाटले.

त्याची नोकरी सांगलीला, आणि बायको साताऱ्याला शाळेत शिक्षिका. मुलगी आईजवळ. त्यामुळे दर शनिवारी संध्याकाळी हा आपली आठ वर्षांची छोटी पेट्रोल गाडी काढून साताऱ्याला जातो आणि सोमवारी पहाटे परततो. गाडी बंद पडली तर त्याचा रविवार गेला, आणि रविवार गेला की पोरीशी भेट थेट पुढच्या आठवड्यात. अशा गाडीला बाहेरून टर्बो बसवून घेण्याचे त्याने मनात घेतले. एका भंगारात काढलेल्या गाडीचा टर्बो स्वस्तात मिळत होता आणि बसवून देणारा मेस्त्रीही गावातच होता. आक्काचा मला फोन आला. "तू त्याला समजाव बाबा. माझं ऐकत नाही." समजावायला जावे तर आपल्याला तरी काय कळते? म्हणून आधी मीच थोडा अभ्यास केला.

टर्बो ही चीज मुळात फार हुशारीची आहे, हे आधी कबूल केले पाहिजे. इंजिन पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो, पण खरे पाहता ते हवेवर चालते. एक लिटर पेट्रोल नीट जळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते, म्हणजे मध्यम आकाराचे एक न्हाणीघर भरेल एवढी! पेट्रोल जास्त ओतणे सोपे आहे, तेवढी हवा आत ओढणे कठीण. साधे इंजिन पिस्टन खाली जाताना जेवढी आपोआप येईल तेवढीच हवा घेते. शिवाय आपण जसजसे उंच जातो तसतशी हवा विरळ होते. पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे तेराशे मीटरवर. तिथे हवेचा दाब किनाऱ्यावरच्या मानाने १४-१५ टक्क्यांनी कमी भरतो. म्हणजे कागदावर ८० अश्वशक्तीची गाडी पाचगणीला पोचेपर्यंत सत्तरीच्या आत आलेली असते. दोष गाडीचाही नाही आणि लाडवांचाही नाही!

आता पेट्रोलमधल्या उष्णतेचा जवळजवळ एक तृतीयांश भाग सायलेन्सरवाटे फुकट जातो. त्या तापलेल्या धुराच्या झोताने एक चक्र फिरवायचे, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र लावायचे आणि त्याने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची, असा हा टर्बो. आल्फ्रेड बुखी नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ साली याचे पेटंट घेतले. १९२०च्या दशकात दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांना तो बसवला, तेव्हा १७५० अश्वशक्तीचे इंजिन २५०० अश्वशक्ती देऊ लागले. वाया जाणाऱ्या धुरातून एवढी कमाई!

"मग मामा, फुकट मिळणारी ताकद घ्यायला तुमचं काय जातं?" भाच्याने विचारले.

या प्रश्नाचे उत्तर मला कुठल्या ग्रंथात न सापडता विहिरीवर सापडले.

सातारा-सांगलीच्या माणसाला इंजिन काही नवे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली आणि तिथे लोखंडी नांगर घडवले. इकडे सातारा रोडला सर धनजीशा कूपर यांच्या कारखान्यातही आधी नांगरच झाले आणि १९३०च्या दशकात डिझेल इंजिने घडू लागली. (हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. इंजिनवाला पंतप्रधान आपल्या वाट्याला येऊन गेला, हे पुष्कळांच्या गावीही नसते.) पुढे किर्लोस्करांची पुण्यात तयार होणारी ऑइल इंजिने गावोगाव विहिरींवर बसली. त्यातले ए.व्ही.-१ हे इंजिन घ्या. एकच सिलिंडर, आकारमान ५५३ सी.सी., ताकद ५ अश्वशक्ती, फेरे मिनिटाला १५००. कित्येक घरांत आजोबांनी घेतलेले इंजिन नातवापर्यंत चालले. वर पत्रा, खाली शेण-चिखल, तेल कधी बदलले कधी नाही, तरी हँडल मारले की डुगडुग सुरू.

ते एवढे टिकले कशामुळे? लोखंड चांगले होते हे तर खरेच. पण त्याहून मोठे कारण असे, की त्याच्याकडून कुणी फारसे मागितलेच नाही. हिशेब केला तर त्या इंजिनाकडून आपण एका लिटर आकारमानामागे ९ अश्वशक्ती घेत होतो. जुन्या मारुती ८००कडून साधारण ४६ घेत होतो. आजची बाराशे सी.सी.ची साधी पेट्रोल गाडी लिटरमागे सत्तर-पंचाहत्तर देते. आणि कारखान्यातूनच टर्बो लावून येणाऱ्या नव्या छोट्या गाड्या शंभर देतात. मारुतीच्या फ्राँक्सचे ९९८ सी.सी.चे टर्बो इंजिन बरोबर याच हिशेबातले आहे. मागणी जसजशी वाढते तसतसा इंजिनातला राखीव जोर कमी होत जातो. कारखान्याने धातूची जाडी, बेअरिंगची रुंदी, पाण्याचा प्रवाह ठरवताना थोडे जास्तीचे राखून ठेवलेले असते. खराब पेट्रोल, मे महिन्यातले ऊन, तेल बदलायचा आळस, चढावर चुकीचा गिअर, या सगळ्या अपराधांची भरपाई त्या राखीव गाठीतून होते. बाहेरून बसवलेला टर्बो नेमकी ती गाठ सोडतो.

"पण दाब थोडाच ठेवायचा," भाचा म्हणाला. "बाहेरच्या हवेच्या दीडपट. जास्त नाही."

मी वहीवर गणित मांडले. हवा दाबली की ती तापते. सायकलचा पंप मारताना त्याचे टोक गरम होते, तोच प्रकार. सांगलीत एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसला जातो. त्या हवेला दीडपट दाबले आणि टर्बो सत्तर टक्के कार्यक्षम धरला, तर आत जाणारी हवा ९५ अंशांच्या आसपास तापते. चहाचे आधण म्हणायला पाच अंश कमी. तापलेली हवा पसरते. त्यामुळे दाब दीडपट झाला तरी प्रत्यक्षात हवा मिळते सव्वापटीपेक्षा जराशीच जास्त. मधे हवा थंड करणारा इंटरकूलर बसवला तर ही तूट बरीच भरून निघते. पण मग तो बसवायला जागा, त्याच्या नळ्या आणि त्याचा खर्च आला. आणि तो रेडिएटरच्या पुढे बसतो, म्हणजे रेडिएटरला मिळणारी हवा आधीच ऊन होऊन येते.

पण खरी भानगड पुढेच आहे. पेट्रोल-इंजिनात ठिणगी पडल्यावर ज्वाला एका कडेने दुसऱ्या कडेला पसरत गेली पाहिजे, वाळल्या गवताला लागलेल्या वणव्यासारखी. आतले मिश्रण जर आधीच फार तापलेले आणि फार दाबलेले असेल, तर ज्वाला पोचायच्या आत दुसऱ्या कोपऱ्यातले मिश्रण स्वतःच भडकते. बाहेर ऐकू येतो तो पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज. मेस्त्री त्याला नॉकिंग म्हणतात. आत पिस्टनवर हातोडे बसत असतात. आधी रिंगांमधली कड तुटते, पुढे पिस्टनला भोकही पडते. म्हणून ज्या गाड्यांना कारखान्यातूनच टर्बो असतो त्यांचे मूळचे दाबण्याचे प्रमाण कमी ठेवतात. साध्या गाड्यांत हल्ली ते ११-१२ असते, टर्बोवाल्यांत बहुधा १०च्या आसपास. भाच्याच्या गाडीचे ११ होते. आधीच कडक इस्त्री केलेल्या सदऱ्यावर आणखी निखारे!

शिवाय आजची गाडी संगणकावर चालते. साध्या गाडीतल्या दाब मोजणाऱ्या सेन्सरला बाहेरच्या हवेपेक्षा जास्त दाब हा प्रकारच ठाऊक नसतो. त्याचा काटा तिथेच संपतो. टर्बो हवा कोंबतो आहे, हे त्या बिचाऱ्याला कळत नाही, म्हणून तो पेट्रोल वाढवत नाही. हवा जास्त आणि पेट्रोल कमी झाले की आतली आग आणखी प्रखर होते. यावर तोड म्हणून संगणकाला फसवणारी डबी मधे बसवतात. नीट करायचे तर संगणकाची सगळी गणिते नव्याने मांडावी लागतात, पेट्रोल उडवणारे इंजेक्टर मोठे घ्यावे लागतात. क्लच प्लेट आणि गिअरपेटीचे नाव तर अजून कुणी काढलेलेच नसते. आणि ब्रेक? गाडी घाट जोरात चढली, तरी उतरताना ब्रेक जुनेच असतात.

एवढे सगळे सांगून झाल्यावर भाच्याने हुकमाचे पान टाकले. त्याच्या एका मित्राने असाच टर्बो बसवून घेतला होता आणि आठ महिने गाडी उत्तम चालली होती. "मग नवव्या महिन्यात काय झालं?" मी विचारले. भाचा जरा गप्प झाला. मग आम्ही त्या मित्राकडेच गेलो.

मित्र मोकळ्या मनाचा निघाला. तो म्हणाला, "काका, खोटं सांगणार नाही. त्या आठ महिन्यांत गाडी चालवायला जी मजा आली ती आयुष्यात आली नव्हती. खंबाटकी तिसऱ्या गिअरवर." त्याच्या तोंडावर अजून ते सुख दिसत होते. मग त्याने पुढचे सांगितले, आणि त्यात टर्बोपेक्षा एका नळीचा संबंध जास्त होता.

टर्बोचा दांडा मिनिटाला दीड लाखापर्यंत फेरे घेतो. विहिरीवरच्या त्या इंजिनाच्या बरोबर शंभरपट. एवढ्या वेगाला साधे बेअरिंग टिकत नाही, म्हणून तो दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. त्याच्या एका अंगाला नऊशे अंशांचा धूर खेळत असतो. तेल इंजिनातून दाबाने येते, दांड्याला न्हाऊ घालते आणि खाली परत जाते. येताना दाबाने येते, पण परतीला फक्त उतार असतो. म्हणून परतीची नळी जाड हवी आणि तिला सरळ उतरण हवी. कारखाना टर्बोची जागा ठरवतानाच याचा विचार करतो. बाहेरून बसवणाऱ्याला बॉनेटखाली जिथे पोकळी सापडेल तिथे तो बसवावा लागतो. मित्राच्या गाडीत त्या परतीच्या नळीला एक वाकण आले होते. तेल तिथे तुंबायचे, तुंबलेले तेल टर्बोच्या सिलांतून झिरपायचे आणि धुराबरोबर जळून जायचे. थोडासा निळा धूर दिसे. मित्राला तो थंडीचा वाटला. तेल महिनोन् महिने गुपचूप कमी होत गेले.

नवव्या महिन्यात, रात्री नऊच्या सुमाराला, आईवडील आणि बायकोमुलांना घेऊन तो पसरणीचा घाट चढत होता. तेलाचा लाल दिवा लागला. घाटात थांबायला जागा नाही, मागे गाड्यांची रांग. "वर जाऊन बघू," असे म्हणून त्याने आणखी दीड-दोन किलोमीटर गाडी रेटली. मग खळखळ आवाज आला आणि इंजिन जागीच अडकले. वडील साखरेचे रुग्ण, जेवणाची वेळ टळलेली. बंद गाडीला मागून धडक बसू नये म्हणून मुलगा मोबाईलचा दिवा हलवत वळणावर उभा. शेवटी एका दुधाच्या टेम्पोवाल्याने म्हाताऱ्यांना वर पोचवले. इंजिनाच्या दुरुस्तीला गाडीच्या निम्म्या किमतीएवढा खर्च आला. नळी शंभर-दोनशे रुपयांची होती.

"टर्बो अजून चांगला आहे," मित्र म्हणाला. "घरात ठेवलाय. पाहिजे का?"

हा प्रकार आपल्याकडच्या गल्लीतल्या कारागिरीचाच आहे असे मानून कुणी नाक मुरडू नये. १९६२ साली अमेरिकेत जनरल मोटर्सने ओल्ड्समोबाइल जेटफायर नावाची गाडी काढली. कारखान्यातून टर्बो लावून विकल्या गेलेल्या जगातल्या पहिल्या मोटारींपैकी ती एक. इंजिन ताकदवान, दाबण्याचे प्रमाण सव्वादहा, म्हणजे टर्बोच्या मानाने भलतेच जास्त. नॉकिंग होऊ नये म्हणून इंजिनात शुद्ध पाणी आणि मेथनॉल यांचे मिश्रण फवारण्याची सोय केली होती. त्याची टाकी मालकाने वेळोवेळी भरायची. मालकांनी भरली नाही! टाकी रिकामी झाली की गाडी आपला जोर आवरता घेई, आणि मालक गाडीला शिव्या देई. दोन वर्षांत दहा हजारांच्या आतच गाड्या विकल्या गेल्या, आणि १९६५ साली कंपनीने हवा त्याला टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून देण्याची तयारी दाखवली. एवढ्या बलाढ्य कंपनीचे इंजिनिअर हरले ते गणितात नाही. घरगुती माणूस गाडीकडे किती लक्ष देतो याचा अंदाज त्यांना आला नाही. पुढे १९७०च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनच्या साब कंपनीने लहान टर्बो, बेताचा दाब आणि जादा दाब सोडून देणारी झडप असा मध्यममार्ग धरला, तेव्हा कुठे ही वस्तू संसारी माणसाच्या गाडीत रुळली.

डिझेलची गोष्ट मात्र वेगळी. तिथे ठिणगीच नसते. आधी नुसती हवा दाबतात आणि मग डिझेल फवारतात, त्यामुळे नॉकिंगची ती धास्ती उरत नाही. शिवाय डिझेल इंजिन मुळातच जाड हाडापेराचे. म्हणून ट्रक, बस, ट्रॅक्टर यांना टर्बो मानवतो. फियाटचे तेराशे सी.सी.चे डिझेल इंजिन स्विफ्टमध्ये २००७ साली आले, तेव्हापासून लाखो कुटुंबे टर्बो घेऊन फिरली, आणि त्यातल्या कित्येकांना आपल्या गाडीत तो आहे याचा पत्ताही नव्हता. जुन्या बिनटर्बोच्या डिझेल जीपला बेताचा टर्बो लावला आणि डिझेलच्या पंपाला हात लावला नाही, तर घाटात ती कमी धूर सोडून चढते, हे शास्त्राला धरून आहे. पण असे हात आवरणारे थोडे. टर्बो आला की पंपाचा स्क्रू थोडा फिरवावासा वाटतोच.

शेवटी आम्ही त्या मेस्त्रीकडे गेलो, ज्याच्याकडे भाचा काम देणार होता. साठीचा माणूस, अंगात तेलाने काळा झालेला सदरा. त्याने बॉनेट उघडून बराच वेळ आत पाहिले.

"बसवायला काय साहेब, हत्तीबी बसवीन," तो म्हणाला. "पर त्यो खातो किती, झोपतो कुठं, ह्ये बघाया नको व्हय? जीपला बसवल्यात मी पूर्वी. त्या जीपा होत्या. आणि आता ती आर.टी.ओ.ची बी भानगड हाय."

भानगड आहे खरी. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने असा बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. भाच्याने विचारले, "मग सीएनजीचे किट कसे चालते?" त्याचे कारण सरळ आहे. ते किट आधी मान्यताप्राप्त संस्थेकडे तपासले जाते (पुण्यात वेताळ टेकडीवरची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन त्यांतलीच), आणि नंतर त्याची नोंद गाडीच्या पुस्तकात होते. भंगारातल्या टर्बोची नोंद कोण करणार? आणि नोंद नसलेला बदल अपघातानंतर विमा कंपनीच्या माणसाला सापडला, तर तो दावा नाकारायला मोकळा. माझ्या मते इंजिन अडकण्यापेक्षा हे भय मोठे आहे. इंजिन निदान बांधून तरी मिळते.

मेस्त्रीने मग न मागता आणखी एक काम केले. त्याने हवेची जाळी काढून आमच्यापुढे धरली. तीत उसाच्या पाचटाचा भुसा आणि हायवेची धूळ अशी बसली होती, की पलीकडचे दिसेना. चाकांत हवा कमी होती. क्लच झिजत आला होता. "ह्ये करून बघा आदी," तो म्हणाला. बिल किरकोळ झाले. टर्बोसाठी साठवलेले पैसे भाच्याने तसेच ठेवले आहेत. पुढची गाडी कारखान्यातून टर्बो लावलेली घेईन म्हणतो. घेऊ दे. मी त्याला एवढेच सांगितले आहे, की तेल पुस्तकात लिहिलेलेच घालायचे आणि वेळच्या वेळी बदलायचे, आणि घाट चढून आल्यावर गाडी उभी केली की लगेच किल्ली फिरवायची नाही. मिनिटभर इंजिन तसेच चालू ठेवायचे, म्हणजे तापलेल्या दांड्याभोवतीचे तेल खेळते राहते, जळून त्याचा कोळसा होत नाही.

यंदा नवरात्रानंतरच्या रविवारी आम्ही सगळे त्याच्याच गाडीतून पाचगणीला गेलो. आक्का पुढे, आम्ही मागे, लाडवांचा डबा माझ्या मांडीवर. पसरणीचा घाट लागला. नव्या क्लचवर गाडी बरी चढत होती, तिसरा गिअरही मधून मधून धरत होती. भाच्याने एकदा माझ्याकडे आरशातून पाहिले. एवढ्यात वळण घेतले, तर पुढे खचाखच भरलेली एस.टी., तिच्यापुढे विटांचा ट्रक, आणि त्याच्यापुढे कठड्यावरच्या माकडांना केळी घालायला थांबलेली, नवी कोरी, शीळ घालणारी टर्बोची गाडी.

"एसी चालू कर रे," आक्का म्हणाली. "आता कुठं घाई आहे?"